गजराबाईच्या तोंडावरची माता

गजराबाई माहेरची सारंगखेड्याची. तापीकाठी घोड्यांची यात्रा भरते त्या गावची पोर, त्यामुळं लाजणं वगैरे तिला कोणी शिकवलंच नाही. तिला बघायला नंदुरबारहून पाहुणे गेले. नवरदेवाच्या मामानं म्हटलं, "पोरी, जरा तोंड उघड, बोलून दाखव." तर ही म्हणाली, "मामा, बोलीसन काय दखाडू, दातच देखी ल्या. आमना गावमा घोडी लेनारा पहिले दात देखस." मामा चहा टाकून उठला. नवरदेव दोधू मात्र हसायला लागला आणि त्याचं हसू काही थांबेना, म्हणून मग लग्न ठरवावं लागलं.

दोधूभाऊ जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे, तीही पातळ. गजराबाई घरात भांडली तर मला हातातलं काम टाकून दारात जावं लागत नाही, बसल्या जागी सगळं ऐकू येतं. तेव्हा तिच्याबद्दल लिहायला माझ्याहून बरं माणूस मिळायचं नाही. माझं अक्षर वाकडं आहे, ते छापणारा सरळ करून घेईल.

आम्ही दोघी मिरचीच्या पथारीवर कामाला जायचो. पावसाळा सरला की आमच्या नंदुरबारच्या बाहेर व्यापारी लोक मोकळी रानं घेतात आणि ओली लाल मिरची उन्हात पसरून देतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, जमिनीवर लुगडी वाळत घातलीत. जवळ गेलं की लुगडं नाकात शिरतं. आम्ही बाया तिथं मिरची वरखाली करायचो, देठं खुडायचो, डागी वेगळी काढायचो. मुकादम होते दाऊदभाई. माणूस चांगला, पण बायांचं बोलणं त्यांना सोसायचं नाही. पाणी प्यायला जाता आणि माठापाशीच बसता म्हणून त्यांनी एकदा माठ उचलून पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी गजराबाईनं तो भरला माठ डोक्यावर घेतला आणि दाऊदभाईंच्या खाटेपाशी आणून टेकवला. "मुकादम, आते आम्ही तुमनाच संगे गप्पा मारसूत." दुपारच्या आत माठ होता तिथं परत गेला.

अशी ती बाई. वाळली मिरची भाकरीबरोबर कडाकडा चावून खायची, आणि डोळ्यात पाणी आमच्या यायचं.

आणि मिसरी लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, आणि बोटानं दातांवर घासायची, म्हणजे मिसरी. सकाळी एकदा तर सगळ्याच बाया लावायच्या. गजराबाई दुपारी लावायची, संध्याकाळी लावायची, आणि उरलेली चिमूट डाव्या गालात धरून बसायची. मीही लावायचे. माझी सुटली ती काही शहाणपणानं नाही, दात पडले आणि घासायला जागा उरली नाही म्हणून.

मग एका हंगामात तिनं पथारीवर डबा सोडला, तर आत दुधात भिजवलेली भाकरी. बाया हसल्या. कोणी म्हणालं, "काय वं गजराबाई, दात येऊ ऱ्हायनात का?" तीही हसली, पण हसताना तोंड अर्धंच उघडलं. तिखट लागायला लागलं होतं तिला. भरीत तिखट, वरण तिखट, नुसता मिठाचा खडा तिखट. गालात आत पांढरा डाग होता, त्याच्या मधोमध एक जखम, ती भरेना. आम्ही सगळ्यांनी ठरवलं की मिरचीची उष्णता आहे. मिरची बिचारी बोलत नाही, म्हणून खापर तिच्यावर फुटलं. मिसरीला कोणी नाव ठेवलं नाही, कारण ती सगळ्यांच्याच डबीत होती.

जखमेची गाठ झाली तेव्हा दाऊदभाईच म्हणाले, "माझी पुतणी आफशीन सुरतेच्या मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. तिच्याकडे जा. इथं मलमं लावत बसू नका." आम्ही सुरतेला गेलो. आमच्याकडून ते गाडीनं सरळ पडतं. मी बरोबर गेले, कारण गजराबाईच्या मुलाला, हेमराजला, रक्त बघितलं की चक्कर येते. सुनेला, म्हणजे रोहिणीला, चक्कर येत नाही, पण तिचं लेकरू अंगावर पीत होतं.

मोठ्या डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं. जेवढं उघडत होतं तेवढं तिनं उघडलं आणि बोलली, "देखा साहेब, वय समजनं का?" डॉक्टर गुजराती, त्यांना काही कळलं नाही. आफशीन तोंडावर हात धरून हसली. कर्करोग होता. गालाचा आतला भाग आणि खालच्या जबड्याचा एक तुकडा काढला, छातीचं मांस फिरवून गाल बुजवला. त्यावर किरणांचे शेक दिले. गजराबाईचा चेहरा डावीकडं ओढला गेला, बोलणं थोडं वाकडं झालं. मला काळजी होती की आता भिंतीतून ऐकू आलं तरी समजणार कसं. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी तिनं हेमराजला दार नीट लावत नाही म्हणून फैलावर घेतलं. एकूण एक शब्द समजला.

वर्ष बरं गेलं. मग मानेत, कानाच्या खाली, पुन्हा एक गाठ हाताला लागली.

ह्या वेळेला डॉक्टरांनी कापायचं नाव काढलं नाही. म्हणाले, दर आठवड्याला सलाइनमधून एक औषध देऊ, नव्या तऱ्हेचं आहे, त्याच्या जोडीला थोडं जुनंही देऊ. सरकारी योजनेत बसेल. ते गेल्यावर गजराबाईनं आफशीनला हाताला धरून खाली बसवलं. "नवी तऱ्हा म्हनजे काय? माले समजाड. नही समजनं ते मी हात पुढे करनार नही."

आफशीननं समजावलं. ते मला जसं कळलं तसं सांगते, चूक माझी, तिची नाही.

आपलं अंग म्हणजे बारीक बारीक घरांची वस्ती. प्रत्येक घराच्या दाराला बाहेरून कडी असते. रक्तातून एक निरोप्या फिरत असतो. त्यानं कडी वाजवली की घरवाल्यानं उठायचं आणि एका घराची दोन घरं करायची. डॉक्टर त्या निरोप्याला ग्रोथ फॅक्टर म्हणतात आणि कडीला रिसेप्टर. हे काही वाईट नाही. लेकरू वाढतं ते असंच, कापलेलं बोट भरतं ते असंच. निरोप्या पुढं गेला की कडी गप्प, घरवालाही गप्प. पण गजराबाईच्या गाठीतल्या घरांना एक कडी नव्हती, दारभर कड्या फुटल्या होत्या. त्या वाजायच्या थांबतच नव्हत्या. काही तर कोणी हात न लावता वाजत होत्या.

"म्हनजे बाहेर कोनी नही, तरी कडी वाजस," गजराबाई म्हणाली, "आनी आतला येडा दर येले उठीसन नवं घर बांधस?"

"हाव मावशी. तसंच."

"मंग देवनी कडी ठेवीच काब्र?"

"ती नसती तर तुमचं ऑपरेशन कसं भरून आलं असतं?"

गजराबाईला ते पटलं. तिला पटलं की ती मान हलवत नाही, नुसती खालचा ओठ पुढं काढते. आता तो अर्धाच पुढं येतो.

"आनी ही तुन्ही दवाई काय करस?"

"येते आणि कडीवर हात ठेवून बसते. निरोप्या आला तर त्याला कडी सापडत नाही. वाजायलाही जागा राहत नाही."

"कितला दिन बठस?"

"आठवडाभर बसते, मग हात सैल पडायला लागतो. म्हणून दर बुधवारी यायचं. बुधवार चुकवायचा नाही, मावशी." मग ती म्हणाली, "कातडीच्या घरांनाही अशाच कड्या आहेत, औषध तिथंही बसतं. थोडं पुरळ येईल. घाबरू नका. आणि एक सांगते, सगळ्यांच्याच गाठीला लागू पडतं असं नाही. बघायचं."

पुरळ म्हटल्यावर आम्हा दोघींच्या डोळ्यांपुढं घामोळ्या आल्या. उन्हाळ्यात कोणाला येत नाहीत? आम्ही ते तिथंच विसरलो.

होळी होऊन गेली होती. दुसरं इंजेक्शन घेऊन आल्यावर रविवारी सकाळी गजराबाईचा चेहरा बघितला आणि माझ्या हातातला तांब्या सुटला. कपाळ, नाक, गाल, हनुवटी, सगळीकडं लाल लाल पुळ्या, टोकाला पिवळा पू. मानेवर, छातीवर तशाच. घामोळ्या कुठल्या. आमच्या वयाच्या बाईला असा चेहरा बघून एकच शब्द सुचतो, आणि तो सुचला तसा कोणीतरी बोललाही.

"माताजी निंघनी."

देवी, गोवर, कांजिण्या, काहीही निघो, आमच्याकडं ती माताच. बोलली ती फुलवंताबाई, गजराबाईची जेठाणी, म्हणजे थोरली जाऊ. समोरच्या घरात राहते. भाऊबंदांत सगळ्यांत मोठी तीच. कोणाच्या घरी बारसं असो की दहावं, काय आधी आणि काय नंतर हे फुलवंताबाईला विचारायचं, ही रीत आहे. तिनं दुपारच्या आत दाराला कडुलिंबाच्या फांद्यांचे डगळे बांधले. चुलीवर फोडणी बंद केली, कारण तेलाचा ठसका मातेला चालत नाही, मग माता डोळ्यांत उतरते म्हणतात. गजराबाईला खोलीतल्या अंधारात निजवलं. माता थंड होऊन तिला दहीभाताचा नैवेद्य दाखवेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, सुई टोचून घ्यायची नाही. मातेच्या अंगात सुई घुसवली तर माता माणूस घेऊन जाते.

फुलवंताबाईला हसू नका. तिचा पहिला पोरगा तीन वर्षांचा होता तेव्हा त्याला गोवर निघाला. घरच्यांनी पाला बांधला, वाट बघितली. पोर निळं पडायला लागलं तेव्हा नवऱ्यानं त्याला बैलगाडीत घालून डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं सुई दिली. परत येताना ते पोर गाडीतच गेलं. तेव्हापासून फुलवंताबाईनं स्वतःच्या अंगाला कधी सुई लावून घेतली नाही. तिला बोलायला गेलं की ती काही भांडत नाही, नुसती म्हणते, "मी देखेल शे."

रोहिणीनं मात्र मोबाइल काढला आणि आफशीनला फोटो पाठवला. लगेच आफशीनचा फोन आला. औषधाचंच पुरळ दिसतंय, पण डॉक्टरांनी बघायला हवं, बुधवारी आणाच. रोहिणीनं फोन मोठ्यानं लावला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

फुलवंताबाई म्हणाली, "फोनमा माता दिसस का?"

नाही म्हटलं तर ती जिंकली, हो म्हटलं तरी तीच जिंकली.

हेमराज मधल्या मध्ये सापडला. एका बाजूला आई, एका बाजूला मोठी आई, जिच्या मांडीवर तो वाढला. गल्लीतली माणसंही दारात येऊन सांगून गेली की गाडीत एवढी माणसं असतात, अशा बाईला नेणार कसे, लागण होते. त्यानं तोड काढली. आईपुढं बसून म्हणाला, "माय, एक बुधवार ऱ्हाऊ दे. मोठी मायनं मन ऱ्हाई. पुढला बुधवारले मी सोता तुले लई जास."

भिंतीपलीकडं मी कान देऊन होते. गजराबाई म्हणाली, "बरं. मंग गाठले बी सांग, तू बी एक बुधवार ऱ्हाऊ दे."

हेमराज उठून बाहेर गेला. रागानं नाही, त्याला रडायचं होतं.

मंगळवारी मी तिच्याकडं बसायला गेले. खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. आफशीनचं बोलणं डोक्यात होतं, पण डोळ्यांपुढं तो चेहरा होता, आणि आपल्या वयाला डोक्यापेक्षा डोळे लवकर घाबरतात. गजराबाईनं माझा हात धरून आपल्या मानेवर ठेवला. गाठ लिंबाएवढी, कडक. "हाई देख," ती म्हणाली. "तोंडवरनं सगळा गावले दिसस. हाई कोनलेच दिसत नही. म्हनीसन सगळा तोंडलेच भ्याय ऱ्हायनात."

उद्याच्या गाडीला येतेस का, असं तिनं विचारलंही नाही. मी येणार, हे माझ्याआधी तिलाच ठाऊक होतं.

बुधवारी सकाळी मी केस विंचरत होते, तोच भिंतीपलीकडून चर्र असा आवाज झाला. तेल चांगलं तापलेलं होतं. त्यात लसूण पडला, तो कळला. मग मोहरी. मग काय पडलं ते सांगायला नाक लागलं नाही, घसाच बोलला. मूठभर मिरची पडली होती, पथारीवरची, बीसकट. मी खोकत बाहेर आले. समोरचे खोकत बाहेर आले. गल्लीच्या टोकाला किराणावाला शिंकत होता. लहान पोरं डोळे चोळत हसत होती, त्यांना जत्राच वाटली.

फुलवंताबाई नाकाला पदर लावून गजराबाईच्या दारात उभी. आतून गजराबाई कढई सांडशीत धरून आली आणि लिंबाच्या डगळ्याखाली उभी राहिली. अंगावर धुतलेलं लुगडं, कपाळाला पुळ्यांच्या मधोमध कुंकू. धुरातून ती दिसत होती आणि नव्हती.

"कोनी दिधी ही फोडणी?" फुलवंताबाई ओरडली.

"मी दिधी."

"घरमा माता शे, बई! तुले काही समजस का?"

"समजस ना अक्का. तुच सांगं, माताले ठसका चालत नही. हाऊ देख ठसका. माता ऱ्हाती ते आते निंघी जाती." तिनं चेहरा पुढं केला, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. "एक बी पुळी हालनी का? माता नही हाई. दवाई शे. दवाईले फोडणी चालस."

गल्लीत कोणीतरी हसलं आणि लगेच खोकला आल्यासारखं केलं. खोकला खराही असेल.

"कोप व्हई," फुलवंताबाई म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "मन्हा पोऱ्याले सुई लायी व्हती. माले माहीत शे."

गजराबाईनं कढई उंबऱ्यावर ठेवली. एवढ्या वर्षांत मी तिला हळू बोलताना ऐकलं असेल तर ते त्या सकाळी. "अक्का, तुन्हा पोऱ्याले सुईनी नही मारं. त्याले सुई उशिरा लागनी. माले उशीर करू नको."

फुलवंताबाई बाजूला सरली नाही. पण तिनं हातही आडवा केला नाही. गजराबाई तिच्या अंगाला घासून बाहेर पडली. रोहिणीनं मागून पिशवी आणून दिली. आणि मी? मी केस अर्धे विंचरलेले तसेच बांधले आणि तिच्या मागं निघाले.

स्टेशनपर्यंत तिनं तोंडावर पदर घेतला नाही. मी म्हटलं, ऊन लागेल. म्हणाली, "लागू दे. लपाडं ते लोके म्हनतीन, बाई भ्यायनी." मी तिच्याशी वाद घालत नाही. तिचं ऐकण्यातच माझा दम जातो.

गाडीत आम्ही बसलो तो बाकडा बघता बघता रिकामा झाला. एक बाई लेकराला ओढून पलीकडं गेली, एक म्हातारा खिडकी सोडून उठला. गजराबाई खिडकीला सरकली, पाय वर घेतले. "बठ ना मोकळी," मला म्हणाली, "हाई पुळ्या ऱ्हातीन तोपर्यंत जागानी चिंता नही." खांडबाऱ्याला पोलकी विकणारी एक बाई चढली. ती आमच्यासमोर येऊन बसली आणि विचारलं, काय झालं ओ ताई. गजराबाईनं तिला मिसरी, कड्या, निरोप्या, सगळं सांगितलं, नवापूर येईपर्यंत. शेवटी ती बाई म्हणाली, म्हणजे मिसरीनं? आणि उठून दारापाशी जाऊन काहीतरी बाहेर टाकलं. डबी होती की शेंगांची टरफलं, ते मला दिसलं नाही. मी डबी म्हणणार.

दवाखान्यात आफशीननं चेहरा बघितला आणि म्हणाली, "अरे वा!"

मला इतका राग आला. आम्ही गल्लीशी लढून आलो आणि ही वा म्हणते. पण मग डॉक्टर आले, तेही बघून मान डोलवू लागले. आफशीननं सांगितलं, औषध कातडीच्या कड्यांवर बसलंय त्याचं हे पुरळ. ज्याला असं भरघोस येतं, त्याच्या गाठीच्या कड्यांवरही ते बसलं असण्याचा संभव जास्त असतो. खात्री नाही, संभव. लागण कोणाला होत नाही. लावायला मलम दिलं, गोळ्या दिल्या. आणि उन्हात तोंड झाकून हिंडायचं, असंही बजावलं. मी गजराबाईकडं बघितलं. तिनं छताकडं बघितलं.

सलाइन लागलं. त्या बुधवारी गाठ होती तेवढीच होती. डॉक्टरांनी बोटांनी चाचपली आणि पुढच्या वेळी बघू म्हणाले.

घरी आलो तर दाराचा पाला सुकून तसाच होता. फुलवंताबाईनं आपल्या घरचं दार लावून घेतलं होतं. आठवडाभर ती गजराबाईशी बोलली नाही. पण रोज सकाळी ओसरीवर बसून समोरच्या दाराकडं बघत असायची, बाई आज उठली की नाही. गजराबाई मुद्दाम मोठ्यानं खाकरायची, उठले म्हणून कळवायला. दोघींचं एवढंच बोलणं.

पुढच्या बुधवारी आम्ही स्टेशनवर गेलो तर फलाटावर फुलवंताबाई. हातात कापडी पिशवी, पायात नव्या चपला, ह्या वयात पहिल्यांदा एकटी एवढ्या लांब चालत आलेली. गजराबाईच्या चेहऱ्यावरच्या पुळ्यांना मलमानं थोडी खपली धरली होती, मधून मधून नवीही आली होती.

"कोठे चालनी अक्का?" गजराबाईनं विचारलं.

"तुन्हा संगे. मी माले दिसी ते मानसू."

"आनी नही दिसनं ते?"

"ते तुले हात धरीसन घर लई येसू. मी मोठी शे अजून."

"चाल मंग," गजराबाई म्हणाली. "खिडकी माले लागस, हाई आधीच सांगी ठेवस."

गाडीत फुलवंताबाई गजराबाईला चिकटून बसली. शेजारची माणसं उठायला लागली तशी ती त्यांच्याकडं असं बघू लागली की दोघं परत बसले. माता तिची, पण जाऊबाईही तिचीच. ह्या दोन गोष्टी एका बाईत कशा राहतात हे मला विचारू नका.

दवाखान्यातल्या त्या मोठ्या खोलीत खुर्च्यांची रांग असते आणि प्रत्येक खुर्चीला एक बाटली टांगलेली. फुलवंताबाई दारातच थांबली. भिंतीच्या कडेला एक गुजराती गृहस्थ बसले होते, त्यांच्या कपाळावर, नाकावर तशाच पुळ्या. दोन खुर्च्या सोडून धडगावकडचा एक माणूस, बायको शेजारी बसलेली, त्याचा चेहराही तसाच. आणि पलीकडं एक जवान पोरगा, बायकोचा हात हातात धरलेला, त्याला तर आमच्या बाईपेक्षा जास्त. फुलवंताबाईनं एकेकाकडं सावकाश बघितलं, भाजीवाल्याकडची वांगी बघावी तसं. मग त्या गुजराती गृहस्थांपाशी जाऊन विचारलं, "भाऊ, तुमले कोन निंघनी? माताजी?"

ते हसले. "ना बेन, आ तो दवानु छे." आणि बाटलीकडं बोट केलं.

फुलवंताबाई परत आली. गजराबाईच्या खुर्चीपाशी स्टूल ओढून बसली. मग म्हणाली, "एकच बुधवारले, एकच खोलीमा, एवढा लोकेसले निंघत नही ती."

"कोन?"

"चूप बस."

डॉक्टर आले. त्यांनी गजराबाईच्या मानेवर बोटं ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. आफशीनला काहीतरी बोलले. आफशीन आम्हाला म्हणाली, "गाठ थोडी बसलीय, मावशी. थोडीच. गेली नाही." मी लगेच हात लावून बघितला. मला तर लहान लागली. पण माझ्या हाताचं काय, त्याला लागायचंच होतं लहान.

बरी होईल का, ते मला ठाऊक नाही. डॉक्टरांनाही नाही, त्यांनी तसं तोंडावर सांगितलंय. औषध कधी कधी चालता चालता थांबतं, म्हणाले, गाठ नवी वाट काढते. गजराबाई म्हणाली, "काढू द्या. मी बी कोठे सरळ वाटनी शे?"

आफशीन सलाइनची सुई घेऊन आली. गजराबाईच्या हाताच्या शिरा आता लपतात, दोन जागी चाचपावं लागतं. फुलवंताबाईनं तिचा दुसरा हात धरला. धरला म्हणजे काय, आवळला, बोटं पांढरी पडली. सुईवरचं टोपण निघालं तसे तिनं डोळे गच्च मिटले. मला वाटलं आता ओरडणार, आता ओढून नेणार हिला. तिचे ओठ हलत होते. तिच्या डोळ्यांपुढं कोण होतं ते मला न सांगता कळत होतं.

मग ती बोलली, डोळे मिटूनच, आफशीनला. "हळू टोच वं माय. पन टोच."

बाटलीतलं औषध एक एक थेंब उतरायला लागलं. फुलवंताबाईची मूठ काही सुटेना.

"अक्का," गजराबाई म्हणाली, "टोचीसन व्हई गयं. आते डोया उघड, आनी मन्हा हात सोड. तो मोडना ते त्याले दवाई नही शे आठे."